पावलं

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात वासुदेव यायचा तो झुंजुमुंजू व्हायच्या आधी. आजी सुपात ओंजळभर ज्वारी घेऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि मी तिच्या लुगड्याआड. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगात घोळदार अंगरखा, हातांत टाळ-चिपळ्या, कमरेला खोवलेला पावा. त्याचं गाणं गल्लीच्या तोंडाशी सुरू झालेलं असायचं, आमच्या दारी ते नुसतं येऊन पोचायचं. ज्वारी झोळीत पडली की तो एक गिरकी घ्यायचा आणि 'दान पावलं' म्हणत देवांची नावं घेऊ लागायचा, पंढरपूरच्या विठोबाला, तुळजापूरच्या भवानीला, जेजुरीच्या खंडोबाला, माहूरच्या रेणुकेला. मला कोडं पडायचं. ज्वारी तर माझ्या डोळ्यांदेखत झोळीत गेली, मग ती माहूरला कोणत्या वाटेनं गेली? आजीला विचारलं तेव्हा ती सूप झटकत म्हणाली, "त्यानं पावलं म्हनलं नव्हं? मंग पावलं." तिच्यापुरता विषय संपला, माझा तिथून सुरू झाला.

संस्कृतातलं 'प्राप्' प्राकृतात झिजून 'पाव' झालं आणि मराठीच्या मातीत आल्यावर त्याला तीन फांद्या फुटल्या. पत्र पावलं म्हणजे पोचलं, धन पावलं म्हणजे मिळालं, आणि देव पावला म्हणजे प्रसन्न झाला. पहिल्या अर्थात वस्तू वाट चालते, दुसऱ्यात हात पुढे होतो, तिसऱ्यात कुणाचं तरी मन वळतं. आणि एवढा लांबचा प्रवास एकाच क्रियापदानं केला, याचं मला अजूनही नवल वाटतं. पावती हे याच घराण्यातलं लेकरू, पण तिला पहिल्या दोन अर्थांपुरतंच बोलता येतं. पैसा पोचला, मिळाला, एवढं ती सांगते, कुणी प्रसन्न झालं की नाही याची नोंद तिच्यात नसते. म्हणूनच गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक घेऊन पोरं दारात उभी राहिली की आपल्या कपाळावर आठी पडते, आणि 'पावती फाडणे' या शब्दाला वाकडा अर्थ चिकटतो. आमच्याकडे पाहुण्याला 'पावणं' म्हणतात. पंडित त्याचं मूळ वेगळं, 'प्राघूर्ण' या शब्दात दाखवतात, पण कान कधी पंडितांना विचारून ऐकत नाहीत. राहिलं पावणेआठ, पावणेबारा यांतलं पावणे. ते 'पादोन', म्हणजे पाव कमी. त्याचा या घराण्याशी संबंध नाही, तरी त्याला तूर्त ओसरीवर बसवून ठेवू. पुढे त्याचं काम पडणार आहे.

या शब्दाकडे मला अलीकडे पुन्हा ओढून नेलं ते लातुरातल्या एका तरुणानं. गोंधळ्याच्या घरातला पोरगा. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, लग्नं थांबली, जागरण-गोंधळ थांबले, आणि संबळ खुंटीला अडकून पडलं. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकासुद्धा पंढरीला एसटीनं गेल्या, तिथं गोंधळ्याच्या सुपाऱ्यांची काय कथा! या पोरानं तेलाच्या रिकाम्या डब्यावर मोबाइल टेकवला, बापाला संबळ काढायला लावलं, चुलत्याच्या हाती तुणतुणं दिलं आणि घरातच चौक मांडून मोबाइलवरून थेट गोंधळ घातला. पाहणारे कोण? पुण्याच्या वाकड-हिंजवडीत कामाला गेलेले, हैदराबादेत नोकरीला असलेले, भिवंडीच्या गोदामांत राबणारे. गाव सुटलेले आणि कुळाचार पाठीशी घेऊन हिंडणारे लोक. जाहिरातीचे पैसे त्याला पुढे कधीतरी थोडेबहुत लागू झाले, पण त्याच्या आधी चित्राखाली लिहिलेल्या नंबरावर रकमा येऊ लागल्या. त्यानं मला मोबाइल उघडून त्या दाखवल्या. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. २०१६ साली आलेल्या यूपीआयच्या त्या पडद्यावर रक्कम कितीही लिहिता येते, तरी वरचा तो एक रुपया कुणी सोडलेला नव्हता. रकमेखाली दोन शब्द लिहायची जागा असते. तिथं एकीनं लिहिलं होतं, 'आईचा नवस राहिला होता'.

त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. ही बाई काही विकत घेत नव्हती, कारण जे ऐकायचं ते तिनं आधीच ऐकलं होतं आणि पैसे न देताही ते ऐकता आलं असतं. ती भीकही घालत नव्हती. भीक घालणारा नवसाची भाषा बोलत नाही. तिला काहीतरी पोचवायचं होतं, आणि ज्याच्यामार्फत ते पोचेल असा एक मनुष्य तिला सापडला होता. माझ्या आजीचं सूप आणि तिचा मोबाइल यांच्यामध्ये साठ वर्षं गेली, पण दोघींच्या मनातलं क्रियापद तेच आहे.

जाहिरातीच्या पैशाला हे क्रियापद का चालत नाही, हे एकदा सावकाश पाहावं. तुम्ही-आम्ही मोबाइलवर कीर्तन ऐकत असतो, मध्येच साबणाची जाहिरात येते, साबणवाला पैसे मोजतो, त्यातले शंभरातले पंचावन्न रुपये यूट्यूब गाणाऱ्याला देतं, आणि तेही खात्यावर शंभर डॉलर साठल्याशिवाय हाती पडत नाहीत. या व्यवहारात देणारा साबणवाला, घेणारा गाणारा, आणि आपण कोण? आपण तो माल, जो साबणवाल्यानं विकत घेतला. आपली नजर, आपले चार क्षण. पैसा या वाटेनं पोचतो, मिळतोही, मी त्याला वाईट म्हणणार नाही, कारण त्यावर चुली पेटतात; पण ज्यानं दिला त्यानं गाणं ऐकलं नाही आणि ज्यानं गाणं ऐकलं त्यानं दिला नाही, तेव्हा तिसरी फांदी फुटायला जागाच उरत नाही. पैसा मिळाला. पावला असं म्हणायला जीभ वळत नाही.

हे उणेपण तिकडच्या लोकांनाही जाणवलं. जॅक काँटे नावाच्या अमेरिकन संगीतकारानं एका गाण्याच्या चित्रफितीवर हजारो डॉलर आणि कित्येक दिवस घातले, लोकांनी ती भरभरून पाहिली आणि जाहिरातीतून हाती आलं ते नगण्य. तेव्हा २०१३मध्ये त्यानं एका सोबत्याला घेऊन पॅट्रिऑन काढलं, ज्याला आवडतं त्यानं महिन्याला ठरावीक रक्कम थेट कलाकाराला द्यावी म्हणून. नावातच आश्रयदाता बसलेला आहे. आपण याला लोकाश्रय म्हणतो आणि राजाश्रयाशेजारी ठेवून त्याचा गौरव करतो. मला मात्र 'आश्रय' या शब्दात छप्पर दिसतं, देणारा वर आणि घेणारा खाली दिसतो. वासुदेवाच्या शब्दात वर-खाली नव्हतं. त्यात वाट होती.

२०१७च्या आरंभी यूट्यूबनं सुपर चॅट आणलं. थेट प्रक्षेपण चालू असताना ऐकणाऱ्यानं पैसे द्यायचे, त्याचं नाव आणि त्यानं लिहिलेलं वाक्य रंगीत पट्टीत झळकतं. रकमेप्रमाणे रंग बदलतो आणि रक्कम जितकी मोठी तितका वेळ ती पट्टी वर टिकून राहते, अगदी पाच तासांपर्यंत. दिलेल्या शंभरातले सत्तर गाणाऱ्याच्या वाट्याला येतात. आता ओसरीवर बसवलेल्या त्या दुसऱ्या पावण्याला आत घ्या. पाव कमी म्हणजे पंच्याहत्तर. इथं तर पाऊणसुद्धा पावत नाही! असो. वाटेत नाके असतात, नाक्यावर जकात असते. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मुलखाला जकात शिकवायला नको.

जकातीपेक्षा मला त्या रंगीत पट्टीचा विचार अधिक करावासा वाटतो, कारण ती आपल्याला ओळखीची आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथं वाघ्या-मुरळी आहेत, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार आहे, आणि तमाशाचे फडही आहेत. फडात दौलतजादा चालते: कुणी नोट वर धरतो, नाचणारी पुढे येऊन ती घेते, त्याचं नाव पुकारलं जातं आणि त्याच्या पसंतीची लावणी होते. लावणी गाणारीच्या कष्टांना मी नमस्कार करतो. तिच्या घामाला ती नोट कमीच. पण पुकारल्या गेलेल्या नावाकडे पाहा. नोट वर धरणाऱ्याला वाटतं, आता ही रात्र माझी. त्याच्या नावाचा पुकारा झाला की क्रियेचा ओघ उलटा वळतो, दिलेलं त्याच्याकडेच परत येतं आणि वाटेत कुठंच पावत नाही. रंगीत पट्टीचं गणित याच घरचं आहे. पैसे देणाऱ्याला हळूहळू वाटू लागतं की उद्याचं गाणं कोणतं हे आपण ठरवावं, परवा त्यानं काय बोलावं हेही आपणच. आणि गाणारासुद्धा गातागाता पट्टीकडे डोळा ठेवू लागतो.

म्हणजे नाव घेणंच वाईट, असं कुणी म्हणेल तर मी त्याला चौदा एप्रिलच्या आसपास मराठवाड्यातल्या कोणत्याही गावी घेऊन जाईन. भीमगीतांचा कार्यक्रम रंगलेला असतो, रोजगारावर जाणारा माणूस मंचावर चढतो, हार्मोनियमवर दहाची नोट ठेवतो, आणि गायक पुढचं कडवं घेण्याआधी त्याचं नाव घेतो. नाव इथंही आहे, तरी दौलतजादा नाही, कारण ती नोट बाबासाहेबांना दिलेली आहे. गायक फक्त झोळी. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव असेच हिंडले, लोकांनी जे दिलं त्यावर जगले, आणि त्यांच्या गाण्यावर कुणा एका देणाऱ्याची मालकी कधी बसली नाही. मला हळूहळू उमजत गेलं ते असं, की पावायला तीन जण लागतात: देणारा, घेणारा, आणि दोघांनाही ज्याच्यापुढं मान लववावीशी वाटते असा तिसरा. तो तिसरा देव असेल, महापुरुष असेल, गोंधळाची परंपरा असेल, कुणाला नुसती आपली भाषा असेल. तो नसेल तर उरतात फक्त गिऱ्हाईक आणि दुकानदार, ज्यांचं काम 'मिळालं' या शब्दात चोख भागतं.

माहूरची एक गोष्ट आपण सगळे जाणतो. दत्तात्रेय कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरगडावर येतात, अशी श्रद्धा आहे. लहानपणी मला वाटायचं, ज्याचं सगळं जग त्यानं मूठभर भाकरीसाठी एवढ्या लांब का जावं? त्याच गडावर रेणुकामाता आहे, तिला काय उणं आहे? आता वाटतं, भिक्षेची गरज देवाला नसेल, कोल्हापूरच्या त्या गृहिणीला असेल. तिच्या हातचं कुठंतरी पावलं पाहिजे, म्हणून देव झोळी घेऊन निघतो. देणं ही देणाऱ्याची भूक आहे आणि मागणारा ती भागवतो, हे ज्यानं ओळखलं त्याला मागताना संकोच वाटत नाही आणि मागताना माजही चढत नाही. आमच्या उदगीर-निलंग्याकडे लिंगायतांच्या दारी जंगम भिक्षेला यायचा तोही याच भावानं. बसवेश्वरांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द शेजारी ठेवले, श्रमाची कमाई आणि ती समाजात परत वाहवणं, त्यात हेच आहे. नांदेडला हुजूर साहिबात कीर्तन चालू असताना पाहा, माथा टेकणारे ग्रंथसाहिबासमोर नोट ठेवतात आणि मागं वळूनही न पाहता संगतीत जाऊन बसतात. १७०८मध्ये याच नांदेडात गुरू गोबिंदसिंहांनी ग्रंथाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात आमच्या नर्सीच्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. शिंप्याच्या पोरानं गाऊन ठेवलेलं कुठल्या कुठं जाऊन पावलं, आणि गोदाकाठी परत आलं!

इथं तुमच्यातला एखादा वारकरी मला थांबवील, आणि त्यानं थांबवावंच. तुकोबांनी सांगून ठेवलं आहे की कीर्तन जिथं करायचं तिथं अन्नसुद्धा घेऊ नये, गळ्यात हारही घालून घेऊ नये. मग मोबाइलवर गाऊन पैसे घेणाऱ्या पोराचं काय? आणि हल्ली तारीख द्यायच्या आधी बिदागीचा आकडा सांगणाऱ्यांचं काय? मी या दोघांना एका तागडीत तोलत नाही. आकडा आधी ठरला की तो भाव झाला, आणि तुकोबांचा राग भावावर होता, देव विकण्यावर होता. वासुदेवाचं गाणं मात्र गल्लीच्या तोंडाशीच सुरू होतं, कोण देणार हे ठाऊक नसताना. वीस घरांत चार घरं ज्वारी घालतात आणि उरलेली सोळा अंथरुणात पडून तेच गाणं ऐकतात. त्यांच्या दारी तो आवाज कमी करत नाही. त्या चार घरांच्या सुपातून अख्ख्या गल्लीची पहाट होते. पैसे भरणाऱ्यांनाच ऐकवायचं, बाकीच्यांना दार लावून घ्यायचं, अशीही सोय आता मोबाइलवर आहे. ज्याला पोटासाठी ती घ्यावी लागते त्याला मी बोल लावत नाही. पण मला ती रुचत नाही. ज्ञानोबांनी नेवाशात नऊ हजारांवर ओव्या सांगून झाल्यावर विश्वात्मक देवाकडे पसाय मागितला, आणि मागितलं काय, तर सगळ्या प्राणिमात्रांसाठी! एवढा मोठा वाग्यज्ञ करून कर्त्यानं स्वतःच्या झोळीत काही घेतलं नाही. पावलं ते सगळ्यांना.

लातूरच्या गंजगोलाईत गेलात तर मध्यभागी उभं राहून कान द्या. १९१७ सालची ही गोल पेठ, सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध अंबाबाई बसलेली. हल्ली तिथं प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक लहानसं बोलकं यंत्र असतं, कुणी मोबाइलवरून पैसे दिले की ते रक्कम सांगतं. मराठीत बोलो की हिंदीत, त्याच्या तोंडी शब्द बहुधा एकच असतो: प्राप्त. वीस रुपये प्राप्त, तीनशे चाळीस प्राप्त. मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा चप्पल घ्यायला गेलो होतो, आणि चपलेचं माप विसरून ऐकतच राहिलो. आजीच्या वासुदेवाचा शब्द, न झिजलेला, न वाकलेला, जसा पाणिनीच्या घरी होता तसा, यंत्राच्या तोंडातून येत होता. फक्त त्याला दोनच फांद्या होत्या. पोचलं आणि मिळालं. तिसरी फुटायला माणसाच्या तोंडी झिजावं लागतं.

आमच्या गोंधळ्याच्या पोरानं हे सगळं माझ्यासारखं घोकलेलं नाही. सुरुवातीला तोही गोंधळ थांबवून नाव आणि रक्कम सांगायचा, 'अमक्या भाऊंचे पाचशे एक, धन्यवाद'. एका रात्री एकानं हजार रुपये टाकून सिनेमातलं गाणं मागितलं, आणि बापानं संबळ वाजवायचं थांबवलं. बाप काही बोलला नाही. टिपऱ्या खाली ठेवून पाणी प्यायला आत गेला, तो लवकर बाहेर आला नाही. दुसऱ्या खेपेपासून पोरानं नावं सोडली, रकमा सोडल्या. पैसे धाडणाऱ्यांना त्यानं सांगितलं, खाली तुमचं मूळ गाव लिहा. आता गोंधळाच्या शेवटी, आरतीच्या आधी, तो मोबाइल हातात घेतो आणि वाचतो: रेणापूरचं पावलं, निलंग्याचं पावलं, देगलूरचं पावलं, मुखेडचं पावलं, कंधारचं पावलं. बापाच्या गणात ज्या देवदेवतांना गावांच्या नावानिशी गोंधळाला यायचं आवतण असतं, त्याच चालीवर. एक्कावन्नवाला कोण आणि अकरावाला कोण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. हजारवाला पुन्हा आला की नाही हे मी विचारलं नाही.

मागच्या पौषात मी थोरल्या मुलाकडे लातुरात होतो. पहाटे चिपळ्या ऐकू आल्या आणि मी चटकन दार उघडलं. वासुदेव होता, आता टोपीची मोरपिसं थोडी विरळ झालेली, झोळीवर टाचलेला चौकटीचा कागद. घरात ज्वारी नव्हती, पिशवीबंद पीठ होतं. नातवानं डोळे चोळत मोबाइल काढला, कागदासमोर धरला, एकवीस रुपये लिहिले आणि आमच्या गावाचं नाव विचारून खाली टाकलं. पडद्यावर ते लहानसं वर्तुळ फिरायला लागलं. फिरतच राहिलं. नातू म्हणाला, "काका, एक मिनिट थांबा, अजून गेले नाहीत." वासुदेवानं मोबाइलकडे पाहिलं नाही. त्यानं गिरकी घेतली, पावा ओठांना लावला, आणि पंढरपूरपासून नावं घ्यायला सुरुवात केली. माहूरपर्यंत आला तोवर तो शेजारच्या फाटकाशी होता, आणि नातू माझ्याकडे पाहत होता, मोबाइल तसाच पुढे धरून.